मजला, स्लॅब आणि सहावा मिक्सर

बांधकामाच्या ॲपची इंग्रजी-मराठी शब्दसूची सांभाळायचं काम माझ्याकडे आलं ते माझं मराठी फार चांगलं म्हणून नव्हे. त्याची मीटिंग झाली त्या दिवशी मी रजेवर होते, एवढंच. सोमवारी ऑफिसला आले तर टेबलावर एक्सेलचा छापलेला कागद, साठेक शब्दांचा, आणि वरच्या कोपऱ्यात सरांच्या अक्षरात ‘हे तू बघ’.

आमचं ऑफिस नाशिकला, गंगापूर रोडवर. काम बीआयएमचं. म्हणजे इमारत जमिनीवर उभी राहायच्या आधी संगणकात उभी करायची. तीही नुसत्या रेघांची नाही. आपण भिंत आहोत, आपली जाडी किती, आपल्यात कुठलं दार बसलंय हे प्रत्येक भिंतीला ठाऊक असलेली. या कामाचं नाव साइटवर सांगायची पंचाईत पहिल्यापासून आहे. एका मुकादमांनी मला विचारलं होतं, ‘‘ताई, तुम्ही बीमचं काम करता, मग स्लॅबचं कोण करतं?’’ म्हणून सूचीतला पहिला नियम असा, की ‘बिम’ कधीही लिहायचं नाही. तिन्ही अक्षरं सुटी वाचली जातील असं ‘बीआयएम’च लिहायचं.

आधी बरीच वर्षं आम्ही बाहेरदेशातल्या इमारतींची मॉडेलं करायचो, तिथे मराठीचा प्रश्नच नव्हता. मग नाशकातल्याच बिल्डरांची कामं यायला लागली. सुपरवायझरला साइटवर उभ्या उभ्या मोबाइलवर मॉडेल उघडता यावं म्हणून एका छोट्या ॲपचं मराठीकरण आमच्या गळ्यात पडलं. सेंटरिंगची आणि लोखंडाची टोळी बहुतेक हिंदी बोलणारी, मग मराठी कोणासाठी, असा प्रश्न मीही विचारला होता. उत्तर साइटवरच मिळालं. ॲप उघडतो तो सुपरवायझर, ठेकेदाराचा मुलगा किंवा स्वतः मालक. ही सगळी माणसं दिंडोरी, निफाड, सिन्नरकडची. इंग्रजी वाचतात, पण घाईत मराठीच वाचतात.

त्या पहिल्या साठ शब्दांबद्दल थोडक्यात सांगते. रेव्हिट या मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका घडणीच्या दारांचा जो साचा असतो त्याला ‘फॅमिली’ म्हणतात. त्याचं झालं होतं ‘कुटुंब’. दाराखिडक्यांचा तक्ता म्हणजे ‘शेड्यूल’, त्याचं ‘वेळापत्रक’. ड्रॉइंगची ‘शीट’ झाली होती ‘पत्रा’. भिंतीच्या कडेने फिरवलेली पट्टी म्हणजे ‘स्वीप’, तिचं ‘झाडणे’. ‘होस्ट’चं ‘यजमान’ मात्र मला मनातून आवडलं होतं. भिंत पुसली की तिच्यातली दारंही पुसली जातात, म्हणजे यजमान गेला की पाहुणे गेलेच. पण सुपरवायझरला ‘यजमान निवडा’ असं सांगणं बरं दिसेना. तिथे ‘आधार’ लिहिलं.

मी आधी सरळ मार्गाने गेले. भाषा संचालनालयाचा स्थापत्य अभियांत्रिकीचा परिभाषा कोश उघडला. त्या कोशांना नावं ठेवायची आपल्याकडे फॅशन आहे, मी ठेवणार नाही. सरकारी शब्द रुजतच नाहीत असं म्हणणाऱ्यांनी नाशिकला यावं. इथे जलसंपदा खात्याची मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आहे, आणि तिथले इंजिनिअर ‘संकल्पचित्र’ हा शब्द अगदी सहज वापरतात. ‘चटई क्षेत्र’ तर रिक्षावाल्यालाही कळतं. पण गोम नेमकी तिथेच आहे. एफएसआयला आपण ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतो आणि फ्लॅटच्या कार्पेट एरियालाही ‘चटई क्षेत्र’ म्हणतो. पहिल्यात प्लॉटच्या मानाने एकूण किती बांधता येईल ते मोजायचं, दुसऱ्यात घराच्या आत पायाखाली किती जागा मिळते ते. एकच चटई दोन ठिकाणी अंथरलेली. कोश शब्द देतो, पण तो शब्द ॲपच्या कुठल्या बटणावर बसणार हे कोशाला माहीत नसतं. ते आपणच बघायचं.

‘इन्स्टन्स’ या शब्दावर माझे दोन आठवडे गेले. रेव्हिट काय किंवा इतर सॉफ्टवेअर काय, सगळ्यांचा पाया एकच. दाराचा एक ‘टाइप’ असतो, समजा ९०० बाय २१०० चं फ्लश डोअर, आणि तो इमारतीत जिथे जिथे बसवला ते प्रत्येक दार म्हणजे ‘इन्स्टन्स’. टाइप बदलला की सगळी दारं बदलतात, इन्स्टन्स बदलला की तेवढं एकच. हा फरक कळला नाही तर माणूस एक खिडकी रुंद करायला जातो आणि सात मजल्यांच्या खिडक्या रुंद करून बसतो. यादीत लिहिलं होतं ‘उदाहरण’. कोशातल्या धाटणीने ‘दृष्टांत’, ‘घटित’ असं बरंच सुचलं. शेवटी अंबडच्या एका वर्कशॉपमधून दारं आली तेव्हा मी साइटवर होते. स्टोअरवाल्या दादांनी चलन माझ्या हातात दिलं. त्यावर बॉलपेनने लिहिलेलं: ‘दरवाजा प्रकार डी-१, नग १४’.

नग! आख्खी संकल्पना एका ओळीत. प्रकार एक, नग चौदा. हमालापासून हिशेबनिसापर्यंत सगळे रोज वापरतात तो शब्द मी कोशात शोधत होते. ‘फक्त हा नग बदला’ आणि ‘या प्रकारचे सर्व नग बदला’ अशी दोन बटणं झाली. त्यानंतर त्याबद्दल एकाचाही फोन आलेला नाही. आमच्या धंद्यात ही फार मोठी दाद असते.

तेव्हापासून शनिवारी अर्धा दिवस साइटवर जायचं आणि कान उघडे ठेवायचे, असं ठरवून टाकलं. सळईचा व्यास ॲपमध्ये मिलिमीटरमध्ये, पण फिटर बोलतो सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सूत म्हणजे १० मिमी, चार सूत म्हणजे १२, पाच सूत म्हणजे १६. सॉफ्टवेअरमध्ये जी ‘स्टिरप’ ती साइटवर ‘रिंग’. गच्चीला ‘उतार’ नसतो, ‘ढाळ’ असतो. उतार रस्त्याला आणि पार्किंगच्या रॅम्पला. प्लिंथला जोतं. काँक्रीट भरून झालं हे सांगायला साइटवर म्हणतात ‘स्लॅब पडला’. मी तेही उत्साहाने ॲपमध्ये घातलं होतं. सरांनी ते वेळेत पाहिलं म्हणून बरं. म्हणाले, ‘‘अगं, उद्या फ्लॅट घेणाऱ्यानं हे उघडलं आणि त्याला ‘तिसरा स्लॅब पडला’ असं दिसलं तर?’’ तिथे ‘स्लॅब टाकला’ असं केलं.

साइटचं सगळं सोनं नसतं हे ‘पडदी’ने शिकवलं. ‘कर्टन वॉल’ म्हणजे इमारतीच्या बाहेरून टांगलेली, वरचा भार न घेणारी काचेची किंवा पॅनेलची भिंत. यादीत ‘पडदा भिंत’ होतं, तांत्रिकदृष्ट्या काही चूक नाही. पण मिस्त्रींना मॉडेल दाखवलं तर ते बुचकळ्यात पडले.

‘‘ताई, ही पडदी रस्त्याच्या बाजूला कशी काय? पाऊस मारेल ना.’’

‘‘मिस्त्री, ही काचेची आहे.’’

‘‘काचेची पडदी?’’ मग त्यांनी बाजूच्या बाथरूमकडे हात केला. अर्ध्या विटेची, साडेचार इंची भिंत अर्धी चढली होती. ‘‘पडदी ही.’’

गवंड्याच्या भाषेत पडदी म्हणजे आतली पातळ विटेची भिंत. आमची पडदा भिंत बाहेरची, काचेची, आणि विटांशी तिचा काही संबंध नाही. शब्द सख्ख्या बहिणींसारखे आणि वस्तू दोन टोकांना. ‘काचभिंत’ म्हणावं तर ती कधी ॲल्युमिनियमच्या पॅनेलचीही असते. नाइलाजाने ‘कर्टन वॉल’ तसंच ठेवलं आणि ‘पडदा भिंत’पुढे ‘वापरू नये’ असा शेरा मारला. ओळ पुसली नाही. पुसली असती तर सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणीतरी तोच शब्द नव्याने शोधून आणला असता, आणि तोही माझ्याइतक्याच उत्साहाने.

माझी स्वतःची एक हौसही अशीच फसली. कॉलमच्या दोन रांगांमधल्या जागेला, ग्रिडच्या ‘बे’ला, काय म्हणावं? जुन्या नाशकातल्या वाड्यांचं माप खणांत सांगायचे: दोन खणी, तीन खणी. दोन खांबांमधला गाळा तो खण, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. मला वाटलं, केवढी ही परंपरा! घातला शब्द. आठवड्याभरात पंचविशीतल्या एका सुपरवायझरने विचारलं, ‘‘मॅडम, हे ‘खण क्रमांक ३’ म्हणजे कपाटाचं आहे का?’’ शेजारच्या मुलीला खण म्हणजे चोळीचा वाटला होता. ‘गाळा’ केलं. ‘कडी’ मात्र राखली. आयएफसीमध्ये, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधलं मॉडेल दुसऱ्यात नेण्याच्या सामाईक नमुन्यात, बीमच्या प्रकारांत ‘जॉइस्ट’ आहे, त्याच्यासाठी. अजून तरी कोणी दाराची कडी समजलेलं नाही.

आता मिक्सरचं सांगते. हे सांगायला जड जातं, कारण त्या ओळीवर ‘मंजूर’ हा शेरा माझा होता.

पाथर्डी फाट्याकडची एक साइट. मॉडेल रेव्हिटचं. रेव्हिटमध्ये स्लॅबला ‘फ्लोअर’ म्हणतात. आर्किकॅड आणि टेक्ला ही दुसरी सॉफ्टवेअरं त्यालाच ‘स्लॅब’ म्हणतात. आमच्या सूचीत ‘फ्लोअर’पुढे ‘मजला’ होतं. दिसायला किती निर्मळ! आणि आपण पहिला मजला, दुसरा मजला म्हणतो ती ‘स्टोरी’, तिच्यापुढेही ‘मजला’च होतं. दोन इंग्रजी शब्द, एक मराठी, आणि मला त्यात काही खटकलं नाही, कारण मी सूची इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने वाचत होते. एफ आणि एस एकमेकांपासून लांब पडतात.

सुपरवायझरने दुसऱ्या स्लॅबचं काँक्रीट काढायला ॲपमध्ये ‘मजला’ निवडला आणि घनफळाची बेरीज घेतली. २८ घनमीटर. बीमचे ८ वेगळे. म्हणजे ३६, आणि सहा घनमीटरचा एक, असे सहा मिक्सर. त्याने प्लँटला ऑर्डर दिली. मुकादम म्हणाले होते की एवढं लागत नाही, पण मोबाइलवर आकडा होता, आणि मोबाइलवरच्या आकड्यापुढे मुकादमाचं काय चालतं?

स्लॅब होता १६० चौरस मीटर, १२५ मिमी जाड. म्हणजे २० घनमीटर. उरलेले ८ कुठून आले? आमच्याच माणसाने वरची फरशी आणि तिच्याखालचं बेडिंग, मिळून ५० मिमी, तेही रेव्हिटमध्ये ‘फ्लोअर’ म्हणूनच काढलं होतं. सगळे तसंच काढतात, चूक नाही ती. पण त्यामुळे ‘मजला’ या एका शब्दाखाली स्लॅब, बेडिंग आणि टाइल्स एकत्र नांदत होत्या. पाचव्या मिक्सरमधलेच दोन घनमीटर उरले, आणि सहावा तेव्हा गेटवर भरलेला उभा होता. तयार काँक्रीट परत पाठवून कोणी ठेवून घेत नाही, आणि ते वाटही बघत नाही. संध्याकाळपर्यंत त्या साइटच्या पार्किंगला एम-२५ प्रतीच्या काँक्रीटचा रस्ता झाला. ठेकेदारांनी मला फोनवर फक्त एवढंच विचारलं, ‘‘मॅडम, मजल्यात टाइल्स धरतात का हो तुमच्यात?’’ ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी सूची उलट्या बाजूने लावली, मराठी रकान्याच्या क्रमाने. तेव्हा दिसलं. ‘मजला’ दोनदा. ‘स्तंभ’ दोनदा, एक काँक्रीटचा आणि एक तक्त्यातला उभा रकाना. ‘पातळी’ तीनदा: जमिनीपासूनची लेव्हल, मॉडेलमधला तपशील किती खोल हे सांगणारी, आणि वापरणाऱ्याच्या परवानगीची. वर्षभर मी प्रत्येक इंग्रजी शब्दाला मराठी शब्द आहे की नाही एवढंच तपासलं होतं. तो मराठी शब्द आधीच दुसऱ्या कोणाचा नाही ना, हे बघायचं राहून गेलं होतं.

पुढचे दोन महिने मोडतोड केली. आता सूचीचा पहिला रकाना शब्दाचा नाही, क्रमांकाचा आहे. क्रमांक संकल्पनेला. त्याच्यापुढे मराठीत दोन ओळींची व्याख्या, आणि मग रेव्हिट याला काय म्हणतं, टेक्ला काय म्हणतं, आयएफसी काय म्हणतं, साइट काय म्हणते. ही अक्कल काही माझी नव्हे. बांधकामाच्या शब्दांसाठी आयएसओ १२००६ या आंतरराष्ट्रीय मानकाचा तिसरा भाग नेमकं हेच सांगतो, की संकल्पना एक आणि तिच्यावर भाषागणिक नावांच्या पाट्या. वाचलं होतं, पण मिक्सर येईपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं.

‘फ्लोअर’चं काय केलं? खरं तर सॉफ्टवेअरनेच दोन वस्तू एका खोक्यात ठेवल्या आहेत, तिथे भाषांतर किती पुरणार? आयएफसीत स्लॅब वेगळा आणि आच्छादन वेगळं धरायची सोय आहे. आच्छादनाच्या प्रकारांत ‘फ्लोअरिंग’ स्वतंत्र आहे. म्हणून आमच्या मॉडेल करणाऱ्यांना फाइल बाहेर काढताना फरशी आच्छादनात टाकायची सवय लावली. पण बाहेरून येणाऱ्या मॉडेलांवर आपला हात नाही. तिथे बटणावर ‘स्लॅब/फरशी’ असं तिरक्या रेघेचं लिहिलंय. सूचीत तिरकी रेघ चालणार नाही हा नियम मीच घातला होता. दिसायला गबाळं आहे, पण बघणारा थांबून विचार करतो की यात फरशी पण आहे वाटतं.

देखभालीतला निम्मा वेळ मात्र शब्दांवर जात नाही, तो जातो व्याकरणावर आणि कळफलकावर. ॲपमधली वाक्यं तुकड्यांनी जोडलेली असतात. एका तुकड्यात वस्तूचं नाव, दुसऱ्यात ‘चे क्षेत्रफळ’. जोडलं की ‘भिंत चे क्षेत्रफळ’, ‘जोते ची उंची’. इंग्रजीला सामान्यरूप नाही, त्यांना याचा पत्ताच नसतो. मी सूचीत लिंग आणि सामान्यरूप असे दोन रकाने वाढवले: भिंत, स्त्री., भिंती-, जोते, नपुं., जोत्या-. प्रोग्रॅमर पुण्याचा मराठी मुलगा, त्याला अडचण एका मिनिटात कळली. तरी सगळीकडे जमेना. म्हणून वाक्यच मोडून ‘क्षेत्रफळ: भिंत’ असं केलं. उसन्या शब्दांचं लिंग ही वेगळीच भानगड. तो स्लॅब, ती लेव्हल, ते ड्रॉइंग यावर एकमत आहे. ‘सेक्शन’ तो की ते यावर आमच्या ऑफिसात आजही दोन टेबलं इकडे, दोन टेबलं तिकडे. मी ‘तो’ लिहिलं, कारण सूची माझ्याकडे आहे.

आणि पायऱ्या. जिन्याचं मोजमाप सुरू होतं तेव्हा मी ‘पायऱ्या’ शोधलं तर एकही ओळ सापडेना. शब्द डोळ्यांसमोर दिसतोय आणि संगणक म्हणतोय नाही. अर्ध्या तासाने उलगडलं. आपला हा ‘ऱ्या’ दोन रीतींनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन पाय मोडायचा. दुसऱ्यात साधा ‘र’ घेऊन पाय मोडायचा आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, आत मात्र वेगळे. ‘ॲ’चंही तसंच; अख्खा ‘ॲ’ वेगळा आणि ‘अ’वर चंद्र काढलेला वेगळा. आमच्या तिघांचे कळफलक वेगवेगळे, म्हणून सूचीत दोन तऱ्हेच्या पायऱ्या. आता शुक्रवारी संध्याकाळी फाइल बंद करण्याआधी एक छोटा मॅक्रो चालतो, सगळे ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ एकाच रीतीचे करतो. त्यानंतर फाइल यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे मराठी अक्षरं साठवायच्या संकेतातच, जतन करायची. फाइलच्या सुरुवातीला या संकेताची खूण घालायची विसरलं तर एक्सेल त्या मराठीची अशी काही दशा करतं की सात वर्षांच्या पोराने कळफलकावर हात आपटल्यासारखं दिसतं.

सगळं मार्गी लागलं असं वाटतं तेव्हा मूळ शब्दच बदलतात. आयएफसीच्या ४.३ आवृत्तीत ‘बिल्डिंग एलिमेंट’चं ‘बिल्ट एलिमेंट’ झालं, कारण आता त्यात पूल, रस्ते, रेल्वेही आले आणि पूल काही बिल्डिंग नव्हे. आमचा ‘इमारत घटक’ एका रात्रीत जुना झाला. मी ‘बांधीव घटक’ केलं. बांधीव विहीर, बांधीव घाट आपण म्हणतोच. रामकुंडावर रोज जाणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. जुनी ओळ शेऱ्यासकट तशीच आहे, कारण जुन्या मॉडेलांत जुनाच शब्द येणार.

सध्या एकच ओळ रिकामी आहे: ‘क्लॅश’. पाइप बीममधून गेला, डक्ट दाराच्या चौकटीत घुसला, असं मॉडेलमध्ये आधीच शोधून काढायचं, त्याला क्लॅश म्हणतात. प्लंबर म्हणतो, ‘‘पाइप आडवा येतोय.’’ इतकं नेमकं दुसरं काही नाही. पण ते क्रियापद, आणि बटणाला हवं नाम, तेही मोजता येणारं. ‘टक्कर’ म्हटलं की मुंबई नाक्यावरचा अपघात वाटतो. ‘अडथळा’ म्हटलं की काहीतरी वाटेत पडलंय असं वाटतं. मी रकाना मोकळा ठेवलाय, त्यामुळे ॲप अजून त्या पहिल्या साठातलाच शब्द दाखवतंय. परवा सिन्नरच्या सुपरवायझरने स्क्रीनशॉट पाठवला: ‘दुसरा मजला: १२ संघर्ष सापडले’. खाली त्याने लिहिलं होतं, ‘‘मॅडम, फक्त बाराच?’’